जरा जास्तच खाली

मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे. लांबट पाठीची, मागे मोठं दार असलेली. कारखान्यात मला खाचखळग्यांचा विचार करून चांगलं उंच ठेवलं होतं. माझ्या पोटाखाली स्प्रिंगा नाहीत, जाड पोलादी सळया आहेत. चाक वर उचललं गेलं की सळई पिळली जाते आणि त्या पिळाच्या जोरावर माझं वजन पेललं जातं. सळईच्या टोकांना दाते असतात. सळई काढून एक दाता फिरवून बसवली, की माझी उंची बदलते.

एका घरच्या गाद्या, सायकली आणि पाहुणे मी वर्षानुवर्षं वाहिले. कौतुकही झालं. मग घरातल्या आईंचं खुब्याचं हाड मोडलं. काठी घेऊन त्या चालू लागल्या, पण माझी सीट त्यांना उंच पडे. मुलगा उचलून बसवायला गेला, तर म्हणाल्या, "मी काय गादी आहे? हात लावू नकोस." त्यानंतर त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. मीही धूळ खात उभी राहिले.

आईंची मुलगी प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करायची. आईंना बसता यावं म्हणून मला थोडं खाली घ्यायला एका सुट्टीत तिने मला जॅकवर चढवलं.

"ताई, त्यापेक्षा मागे दोन पोती वाळू टाक. आपोआप बसेल," भाऊ म्हणाला.

"आणि ती रोज वाहायची कुणी? हिनेच ना? पाना दे."

तिने प्रत्येक सळई एक दाता फिरवली, जॅक काढला आणि टेप लावली. उंची जेमतेम कमी झाली होती. "अजून एक," ती म्हणाली आणि दुसराही दाता फिरवला.

मित्रांनो, चूक इथेच झाली. जॅकवरून उतरल्या उतरल्या माझे टायर जमीन धरून ठेवतात, चाकांना आपल्या जागी सरकता येत नाही. मला थोडं पुढेमागे ढकललं, की मगच मी खरी खाली बसते. मुलीला हे ठाऊक होतं, पण आई दारात येऊन उभ्या होत्या आणि तिला घाई झाली.

आई एकट्या, सहज आत बसल्या. हसल्याही. गल्लीच्या वळणावर पहिलाच खड्डा आला आणि मागचा टायर पत्र्याला घासला. रबराचा वास सुटला.

"आई, परत वर घ्यावी लागेल."

"म्हणजे मी परत घरात? त्यापेक्षा हळू चालव ना गं."

"टायर फाटला म्हणजे?"



दुसऱ्या दिवशी मुलीने मला पुन्हा जॅकवर घेतलं आणि एक दाता मागे फिरवला. या वेळी दोघांनी मला अंगणात नीट पुढेमागे ढकललं, मगच टेप लावली. पहिल्यापेक्षा मी खाली होते, पण कालच्याइतकी नाही.

आईंनी दाराची कड धरली. पहिल्या खेपेला जमलं नाही. मुलगा पुढे झाला, तशी बहिणीने त्याचा शर्ट मागे ओढला. आईंनी काठी त्याच्या हातात दिली, पाठ माझ्याकडे वळवली आणि टेकल्या. मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला.

"बघत काय उभे राहिलात? दार लावा."

तुमच्या घरी असं एखादं जुनं यंत्र असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा त्याच्याखाली वाकून पाहा. बदलता येईल असं काहीतरी बनवणाऱ्यानेच त्यात ठेवलेलं असतं. मात्र बदललंत, तर त्याला जागेवर बसू द्या आणि मगच मोजा.