तांदळाचा डबा

चांदवडच्या अलीकडे, राहुडच्या घाटात गाडी तापली. तापणारच. माणसं तरी कुठं थंड राहिली होती! काश्मीर बघून आलो म्हणे. मला विचाराल तर मागच्या खिडकीतून नुसती झाडं पळताना पाहिली आणि कंबर तेवढी मोडून घेतली. जीव मेटाकुटीला आला होता. मला आता फक्त नाशिक आणि माझा पलंग पाहिजे होता.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. आमच्या अमोलनं तिच्यात झोपायला बाकडं, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, सगळं बसवलं होतं. "आई, तुम्हा दोघांना पार काश्मीरला नेतो," म्हणायचा. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पोरगं गेलं. लग्न व्हायचं होतं. आमच्यात असा लग्नाआधी कुणी गेला की त्याचा टाक करतात. चांदीचा बोटाएवढा पत्रा, त्यावर माणूस उठवलेला. तो देवांबरोबर पूजायचा. ह्यांनी जन्मभर एसटी चालवलेली. म्हणाले, "त्याची गाडी हाय, त्याला घेऊनच जाऊ."

घराला कुलूप लागणार असलं की देव तांदळाच्या डब्यात ठेवतात, उपाशी राहू नयेत म्हणून. मी तो डबाच सोबत घेतला. अमोल त्यातच. म्हणून अख्खा रस्ता मी मागं बाकड्यावर, डबा मांडीशी धरून. पुढची सीट रिकामी. दिवसभरात आम्ही नवराबायको बोलणार काय, तर "चहा?" आणि "थांबू का?"

गाडी थंड होईतो म्हटलं देवांना पाणी घालावं. तांदळात बोटं फिरवली. खंडोबा लागला, बाळकृष्ण लागला, अन्नपूर्णा लागली. अमोल नाय. सगळा डबा ताटात पालथा केला. नाय!

मग आठवलं. काल इंदूरच्या पुढं पाऊस लागला, टप गळला, तांदूळ भिजले. मी अर्धवट झोपेत देव चाचपून काढले, ओले तांदूळ चिमण्यांना म्हणून झाडाखाली टाकले आणि डबा नव्यानं भरला.

"अहो, गाडी फिरवा!"

हे बॉनेटपाशी पाणी ओतत होते. "काय झालं?"

"पोराला रस्त्यात टाकून आले हो मी! काल, त्या तांदळात! फिरवा म्हणते ना, माघारी चला!"

हे हलेनात. चालवून चालवून डोळे लाल झालेले. मग सदऱ्याच्या खिशाची सेफ्टी पिन काढायला लागले.

"भागे, ओरडू नको. इथं हाय तो. निघालो तवापासून."

तळहातावर टाक होता.

"लहानपणी एसटीत मागं बसला की उलट्या करायचा. माझ्याजवळ केबिनमधी बसवलं की गप. म्हटलं, डब्यात कशाला... पुढंच बसू दे."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला. "रोज चहाची वाटी ठेवली मी त्या डब्यापुढं! घाटात 'भिऊ नको बाळा' म्हणत होते. कुणाला? तांदळाला!"

"ऐकत होतो मी."

"मग?"

"सांगितलं असतं तर तू त्याला मागं नेलं असतंस," हे म्हणाले. "मी एकटाच राहिलो असतो पुढं."

मी पायरीवर बसून रडले. राग होता, पण पोर सापडलं होतं. त्यांनी टाक पुढं केला. मी नाय घेतला.

"राहू द्या खिशात. पिन नीट लावा."

मी देव परत डब्यात घातले, डबा बाकड्यावर दोन उशांच्या मधे ठेवला आणि पुढच्या सीटवर चढायला गेले. मेली सीट उंच, गुडघे वर जाईनात. ह्यांनी हात दिला. गाडी सुरू झाली. समोर सगळा रस्ता दिसत होता.

"आता दीड-दोन तासांत घर," हे म्हणाले.

"सावकाश चालवा," मी म्हटलं.