नाही म्हणणारा लॅपटॉप

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यातल्या चपला पाहून खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं, कुणीतरी गेलं. गेलं होतं खरं, पण वर्षभरापूर्वी. आज ते परत बोलणार होते, आणि तेही स्वतःच्या जुन्या लॅपटॉपमधून!

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर त्या गृहस्थांचा, म्हणजे या घरातल्या बाबांचा, फोटो होता. बागेत उभे, हातात पाण्याची नळी, तोंडभर हसू. चित्र मधूनच थरथरायचं, आडव्या रेघा उमटायच्या आणि दर रेघेला खोलीतून "आहाहा!" निघायचं.

"रेघ नाही ही, हाक आहे!" कंपनकाका गरजले. दर वाक्यात कंपनं आणायचे म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. "आत्मा म्हणजे काय? वीज! वीज म्हणजे काय? कंपनं! शरीर गेलं तर कंपनं कुठे जाणार? रोज जिथे बसायचे, तिथेच की!"

एका निवृत्त इंजिनिअरनेही मान डोलावली. वीज हा शब्द आला की पुढचं वाक्य तपासायची काही लोकांना गरजच वाटत नाही.

"वहिनी, विचारा," काकांनी आवाज मऊ केला. "हात असा कडेला टेकवा. हो असेल तर बघत राहतील. नाही असेल तर डोळे मिटतील."

आईने उजवा हात लॅपटॉपच्या कडेवर टेकवला. मनगटात काकांनीच दिलेलं जाडजूड कडं होतं, कंपनं जुळवणारं म्हणे. "अहो, डोळ्यांत औषध घालू का?"

पडदा काळाठिक्कर पडला.

"आता हात छातीशी घ्या. विचारा, दर रविवारी अशी बैठक व्हावी का?"

आईने हात उचलला. फोटो पुन्हा उजळला आणि हसतच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी उभी असलेली लेक मात्र हातातल्या थेंबांच्या बाटलीकडे बघत राहिली.

आईला काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत. यात गेलेली नजर परत येत नसते, उरलेली तेवढी राखायची. बाबा होते तोवर आई निमूट थेंब घालत होती. या घराची एक रीत होती. भाजी कोणती आणायची इथपासून पडदे कुठले लावायचे इथपर्यंत, आई म्हणायची, "थांब, यांना विचारते." आणि बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता "हो हो" म्हणायचे. ते गेले आणि आईला विचारायलाच कुणी उरलं नाही. कंपनकाकांनी नेमकं तेच हेरलं.

आता ती रोज सकाळी कडं घालून, हात टेकवून विचारायची आणि रोज पडदा काळा व्हायचा. थेंब? नाही. डॉक्टर? नाही. लेकीकडे राहायला जाऊ? नाही. ज्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तो मेल्यावर दुसरं काही बोलेचना! लेकीने स्वतः हात टेकवून पाहिला, तर लॅपटॉप ढिम्म.

"तुझा विश्वास नाही ना," आई म्हणाली. "तुझ्याशी कसे बोलतील?"

लेक भांडली, रडली, थेंबांची बाटली घेऊन आईच्या मागे मागे फिरली. आई घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालू लागली होती. हे सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं आणि लेकीला काही म्हणता काही करता येत नव्हतं.

शेवटी तिने लॅपटॉपच दुरुस्त करायचं ठरवलं. दुरुस्तीवाल्याने तो भंगारात काढायला सांगितलं होतं. पण ती दातांच्या कवळ्या बनवायची, बारीक हत्यारांची तिला सवय होती. रेघा गेल्या तर निदान हाका तरी थांबतील, एवढीच तिची आशा. आईनेही आनंदाने होकार दिला. "यांचा चेहरा तरी नीट दिसेल."

सुट्टीच्या दुपारी तिने लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि पडद्याभोवतीची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवली. पडद्यामागे बिजागरीतून वर आलेली एक चपटी वायर होती. झाकणाची उघडझाक होऊन होऊन तिचं टोक खाचेतून ढिलं झालेलं. हाक म्हणतात ती हीच! तिने टोक नीट दाबून बसवलं, वर चिकटपट्टी लावली, बॅटरी घालून लॅपटॉप चालू केला. एकही रेघ नाही. बाबा इतके स्वच्छ दिसले की तिला हुंदकाच आला.

चौकट परत बसवायला म्हणून तिने स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर टोकाला नखाएवढा तुकडा चिकटून आला. चौकटीतून निखळलेलं लोहचुंबक होतं ते. तिने स्क्रू ड्रायव्हर लॅपटॉपच्या कडेवर ठेवला मात्र, पडदा काळा!

"लागली वाट," ती पुटपुटली आणि घाईने तो उचलला. बाबा हसत होते. पुन्हा ठेवला. काळा. पुन्हा उचलला. बाबा.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. झाकण मिटलं की लॅपटॉप आपोआप पडदा बंद करतो. झाकण मिटल्याचं त्याला कळतं कसं? झाकणातलं चुंबक खालच्या कडेजवळ येतं म्हणून! ती धावत मोरीत गेली. आईने सकाळी अंघोळीआधी काढलेलं कडं तिथेच राहिलं होतं. तिने ते कडेवर ठेवलं. ना हात, ना प्रश्न, तरी पडदा काळा. कड्यातही चुंबक होतं!

आई शेजारून आल्या आल्या लेकीने सगळं दाखवलं, समजावलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं, कडं मनगटात चढवलं आणि म्हणाली, "थांब, यांना विचारते. अहो, ही म्हणते ते खरं का?"

पडदा काळा झाला.

"बघ. ते नाही म्हणतायत."

लेकीने चौकट परत बसवायला घेतली.

रविवारी पुन्हा खोली भरली. रेघा गेलेल्या पाहून काका क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "कंपनं शुद्ध झाली!" तेवढ्यात लेक पुढे झाली.

"आई, माझं एकच ऐक. आज असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला पक्कं ठाऊक आहे."

"आत्म्याची परीक्षा घेऊ नये," काका घाईने म्हणाले. पण आईचा हात सवयीने टेकला होता.

"अहो," ती लाजत म्हणाली, "मी तुमची बायको ना?"

पडदा काळा झाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आई हसली नाही. मग तिने कडं काढलं, बाजूला ठेवलं आणि रिकामा हात टेकवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबा हसत राहिले. तिने कडं उचललं आणि काही न विचारता कडेवर ठेवलं. काळोख.

"म्हणजे ते इथे नव्हतेच?"

"नव्हते गं आई."

"अहो, पण त्या चुंबकात शक्ती कुणाची?" काका ओरडले. निवृत्त इंजिनिअर विचारात पडले. काका उठून निघाले आणि निम्मी खोली त्यांच्यामागे गेली. शेजारीण जाता जाता लेकीला म्हणाली, "लॅपटॉपचं असेलही तसं. पण माझ्या सासऱ्यांचा रेडिओ खरंच बोलतो." लेक तिला काय सांगणार!

सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर ज्याचं उत्तर माहीत आहे असा एक प्रश्न आधी विचारून बघा. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. फक्त तो वेळेवर विचारावा लागतो.

आईने तो वेळेवर विचारला नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, कडेची नजर बरीच गेली आहे, ती आता येणार नाही. आई आता दोन वेळा थेंब घालते, कुणालाही न विचारता. मग लॅपटॉप उघडून बसते. फोटोतली बाग तिला दिसत नाही, हातातली नळीही दिसत नाही. मधला चेहरा तेवढा दिसतो.