मागच्या नळ्यांचे चिमटे

मी एक जुना नळ्यांचा पाय आहे. हसू नका, मित्रांनो, मी आधीच चिडलेला आहे. मला ना बोटं, ना टाच. एक पंप, मांडीतल्या धमनीएवढी जाड रबरी नळी, तिच्या मागून जाणाऱ्या चार बारीक नळ्या आणि त्यांतून धडधडत फिरणारं लाल पाणी, एवढाच माझा संसार.

मला वैद्यकीय महाविद्यालयातल्या गणिताच्या बाईंनी घडवलं. माणसाच्या पायातली मोठी धमनी तुंबली, की रक्त आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून वाट काढतं. पण गुडघ्याखाली ते पुरेसं पोचतं का? बाई ते समीकरणं मांडून शोधायच्या. त्या माझी जाड नळी बंद करायच्या, बारीक नळ्यांतला दाब मोजायच्या आणि तेच आकडे समीकरणांत घालायच्या. उत्तर जुळलं की पंपावर थोपटून म्हणायच्या, "शाब्बास रे!" तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग आमच्या मोठ्या सरांना पाहुण्यांची हौस आली. ते विभागाचे प्रमुख. माझ्या बारीक नळ्यांचे सांधे जरा पाझरायचे. नवे सांधे बसवायला अर्धा दिवस लागला असता, पण तेवढी सवड कुणाला?

"हे गळकं ध्यान लोकांसमोर ठेवायचं?" सर कडाडले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चारही नळ्यांना मागून चिमटे लावले. पाहुणे आले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. टेबल कोरडं राहिलं म्हणून सर खूश! चिमटे मात्र तसेच राहिले.

त्याच आठवड्यात रुग्णालयात एक शिंपी दाखल झाला. पायाने मशीन चालवून घर चालवणारा माणूस, आणि त्याचीच मांडीतली धमनी तुंबलेली. डॉक्टरांनी बाईंना फोन केला.

"मॅडम, पाय ठेवायचा की काढायचा, उद्या ठरवायचंय. बारीक वाहिन्या किती भार उचलतील, सांगता का?"

बाईंनी शिंप्याच्या रक्तदाबाचे आकडे लावून, जाड नळी बंद करून घाईघाईने मला सुरू केलं. त्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांवर. मी जिवाच्या आकांताने धडधडत होतो, नळ्या चिमट्यांपाशी फुगून टरारल्या होत्या. अहो बाई, एकदा मागे वाकून बघा ना! पण नाही. गुडघ्याखाली जवळजवळ काहीच पोचत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना कळवून टाकलं.

सकाळी डॉक्टर शिंप्याच्या गुडघ्यावर पेनाने खूण करायला गेले. त्यांनी पाऊल हातात धरलं आणि थबकले.

"मास्तर, पाय तर गरम आहे तुमचा!"

"मग कापताय कशाला, साहेब?"

डॉक्टर तडक आमच्या खोलीत आले, पेन अजून हातातच. माझ्यामागे वाकले आणि त्यांना चिमटे दिसले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चिमटे काढले आणि पुन्हा मोजलं. रक्त पुरेसं पोचत होतं. शस्त्रक्रिया थांबली. औषधं आणि रोजचं चालणं यांवर शिंपी हळूहळू सावरला.

आणि सर काय म्हणाले असतील? "यंत्र जुनं झालंय, चुकीचे आकडे देतं." मी? माझा गळा आवळायचा आणि वर म्हणायचं, ह्याला बोलता येत नाही! माझ्या नळ्यांचा नुसता तिळपापड झाला.

काही महिन्यांनी शिंपी स्वतःच्या पायांनी चालत आला. त्याने माझ्यासाठी निळी खोळ शिवून आणली होती. "ह्याच्यावर धूळ बसू नये," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी माझा राग विरघळला, हे कबूल करतो.

पण आता बाई रजेवर आहेत, त्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी मला चालवणार आहे आणि उद्या पुन्हा पाहुणे येणार आहेत. माझे सांधे अजून पाझरतातच. आज सरांनी चारही चिमटे परत लावले आणि वरून ती निळी खोळ घातली, कुणाला दिसू नये म्हणून.

मित्रांनो, मला पुसू नका, सजवू नका, माझे गोडवे गाऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवायचाच असेल, तर आधी खोळ उचला आणि मागे वाकून बघा. वॉर्डात आज आणखी एकाचा पाय माझ्या आकड्यांची वाट बघतोय.