थळची हळद, पालीचा लॅपटॉप

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मालवाहू ट्रेलरच्या धंद्यात हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी थळच्या मांडवात माझं जे काही ऐकू गेलं, त्यावरून मला नावं ठेवू नका. आणि ठेवायचीच असतील तर आधी सगळं ऐकून घ्या.

माझी सासू कृष्णाबाई ही थळची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गायला बसल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी काय करायचं, ते ती गाण्यातून सांगते, एकेकाचं नाव घेते, आणि मागच्या बायका तिची ओळ उचलतात. गावातल्या किती पोरींना तिने असं गाऊन सासरी धाडलं, ते तिचं तिलाही आठवत नाही. आता तिच्या स्वतःच्या नातीचं, जागृतीचं लग्न ठरलं, तर म्हातारीचे पाय जमिनीवर ठरेनात. पहिली पत्रिका बल्लाळेश्वराला ठेवायला ती हौसेने पालीला आमच्याकडे आली. देवाला पत्रिका ठेवली, घरी आली, आणि आमच्याच उंबऱ्याला अडखळून पडली. पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसायचं नावसुद्धा काढू नका.

हळदीच्या दिवशी माझी बायको नेत्रा थळला गेली. ती नवरीची आत्या, तिला जाणं भागच होतं. सासूजवळ राहिलो मी. जावयाने सासूला चहा करून द्यायचा म्हणजे दोघांचीही पंचाईत. ती साखर मागायला लाजायची आणि मी विचारायला.

दुपारी जागृतीचा फोन आला. "काका, आजीला सांगा, ती गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. बसूनच राहीन."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पदर डोळ्याला लागला. आता मला सांगा, असं कुणी रडायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

"आई, रडता कशाला? मी मेलोय का? इथनं गा, तिकडे ऐकू जाईल!"

आधी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला. तिच्या डोळ्यांची बोंबच आहे. "या डबीत मना काय दिसतंय? मानसं हायत का मुंग्या? आत्या कंदी उठली, करवली कवा आली, ते दिसल्याबिगर मी कुनाचं नाव घेऊ?" बरोबरच होतं तिचं. आमचा टीव्हीही जुना, त्याला केबलपलीकडे काही कळत नाही. मग मी कपाटावरून लॅपटॉप काढला.

हा लॅपटॉप मी धंद्याच्या बिलांसाठी घेतला होता. हल्ली बिलं मोबाइलवरच होतात, पण लॅपटॉप अजून चालतो, आणि दसऱ्याला गाड्यांबरोबर त्याचीही पूजा होते. झाकणावर कुंकवाचा डाग तसाच होता. फुंकर मारून धूळ उडवली, मोबाइलचं नेट त्याला जोडलं, थळला कॉल लावला. आणि आहाहा! अख्खा मांडव समोर उभा राहिला. जागृती पाटावर बसलेली, शेजारी नेत्रा, मागे बायकांचा घोळका. सासूबाई उशीवरून पुढे सरकल्या. जागृतीने हात हलवला, तोंड हलवलं. आवाज मात्र नाही.

मी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. काही नाही. झालं, सटकली माझी. "तुमच्या लेकीला शंभर वेळा सांगितलं, आधी सगळं तपासून बघा म्हणून! माहेरी गेली की हिचं डोकं चालत नाही! आणि तो साउंडवाला काय बासुंदी खाऊन झोपलाय?"

पडद्यावर बायका पोट धरून हसत होत्या. नेत्राने कपाळावर हात मारून घेतला. मला कळेना काय झालं. तेवढ्यात मोबाइल वाजला. जागृतीची धाकटी बहीण रुचिता. ती अलिबागला कॉम्प्युटर शिकवते.

"काका, हळू! तुमचं आम्हाला सगळं ऐकू येतंय. साउंडवाल्याने कॉल कर्ण्याला जोडलाय. अख्ख्या आळीला."

मी जीभ चावली. सासूबाईंनी मात्र त्या दिवसात पहिल्यांदा दात दाखवले.

"म्हणजे आमचं तिकडे जातंय, तुमचं इकडे येत नाही," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. "आई, मग गाऊन टाका ना. त्यांना ऐकू येतंय."

"भिंतीम्होरं गाऊ काय? मागच्या बायांनी उचललेलं ऐकल्याबिगर म्होरची ओळ येत न्हाय मना." तिने हाताची घडी घातली. मोबाइल लॅपटॉपजवळ नेऊन त्याच्यातून ऐकवून बघितलं, तर तिकडचे कर्णे असे किंचाळले, की मांडवातली पोरं कानावर हात ठेवून पळाली.

रुचिता म्हणाली, "काका, साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, गेला असणार. तो काढून टाका, परत चालू केलं की तो आपोआप बसेल." डिव्हाइस मॅनेजर कुठे ते तिने सांगितलं. मी उघडला. तिथे भली मोठी यादी. एकाच कंपनीचं नाव दोन ठिकाणी होतं. एक आवाजाचा, दुसरा कसला ते मी वाचत बसलो नाही. म्हटलं, काढायचे तर दोघे भाऊ एकदमच काढू. पुन्हा त्रास नको म्हणून, ड्रायव्हर पार पुसून टाकायचा का असं विचारणाऱ्या खालच्या चौकोनातही टिक केली. रुचिताला हे सांगायचं राहून गेलं.

लॅपटॉप बंद करून चालू केला, कॉल लावला. आवाज नव्हताच. वर चित्रही बिघडलं. सगळं आडवं ताणलेलं. माणसं बुटकी आणि रुंद, मांडवाचे खांब ओंडक्यासारखे.

"अगो बाय! ही जागू का?" सासूबाई ओरडल्या. "कालपरत सुकलेली होती. भोपल्यावानी कवा झाली?"

हेही कर्ण्यावरून गेलंच. जागृती हसून हसून पाटावरून पडायची राहिली. मी रुचिताला खरं काय ते सांगितलं.

"काका, तुम्ही ग्राफिक्सचा, म्हणजे चित्राचा, ड्रायव्हर उडवलात. आता कशाला हात लावू नका. मी सांगते तेवढंच करा."

मला असं कुणी बोललेलं खपत नाही. पण सासूबाई टक लावून बघत होत्या, म्हणून मुकाट्याने लॅपटॉप उलटा केला. तळाच्या स्टिकरवर मॉडेलचा नंबर होता, त्यावरही हळदकुंकू. ओल्या फडक्याने पुसून एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिने कंपनीच्या साइटवर बरोब्बर तोच ड्रायव्हर शोधून मला लिंक पाठवली. तो उतरायला लागला. ती हिरवी पट्टी अशी सरकत होती, की घाटात माल भरलेली गाडीसुद्धा बरी. तिकडे उन्हं उतरली. मांडवातल्या बायका चहा पिऊन पुन्हा बसल्या. कुणीतरी म्हणालं, दुसरीला गायला सांगा, मुहूर्त चाललाय. जागृतीने नुसती मान हलवली. नाही म्हणजे नाही.

हे रुचिताने फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावय, ऱ्हाऊ द्या. पोरीला सांगा, आजीनं सांगितलंय, लावून घे हलद." आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मला इतकं वाईट वाटलं, की रागसुद्धा येईना.

ड्रायव्हर बसला. पडदा काळा झाला, लुकलुकला, आणि माणसं पुन्हा माणसांसारखी झाली. आवाज? शून्य.

"काका, कोपऱ्यात आवाजाचं चिन्ह आहे ना, त्याच्यावर माउस न्या. काय लिहिलंय?"

"हेडफोन."

"मग काढा ना हेडफोन!"

"अगं बये, आमच्या घरात हेडफोन नाहीच! काढू कुठनं, आकाशातनं?"

"पण लॅपटॉपला वाटतंय लावलाय. म्हणून तो आवाज बाहेर सोडत नाहीये."

"त्याला काय वाट्टेल ते वाटेल!" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच लॅपटॉपची कड डोळ्यांपर्यंत उचलली. हेडफोनच्या भोकात मोबाइलची बॅटरी मारली. आत काहीतरी पिवळं दिसलं.

"आई, पिन द्या."

तिने पदराची पिन काढून दिली. मी श्वास धरून टोकरलं. एकदा आत गेलं, एकदा निसटलं, आणि मग टुपकन तिच्या हातावर पडलं. हळदीने पिवळा केलेला तांदळाचा दाणा. अक्षत!

सासूबाईंनी तोंडावर हात नेला. "अगो माझी बाय. ही मीच टाकलेली, हिकडं आलते तवा. दसऱ्याला. तुमी गाड्या पुजत व्हता, मी या पेटीला पुजली. म्हटलं, जावयाचा धंदा वाढू दे, आनि चांगली मूठभर टाकली."

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आणि देवाशप्पथ सांगतो, माझ्यासारखा तापट माणूस पलंगाच्या कडेला बसून खदाखदा हसायला लागला. तीही प्लास्टरचा पाय धरून हसत सुटली. तेवढ्यात लॅपटॉपमधून सगळा मांडवच आमच्या खोलीत शिरला. हसणं, बांगड्या, पोरांची रडारड, नेत्राचं "मिळाला का हो आवाज?", आणि सगळ्यांच्या वर जागृतीची हाक. "आजी!"

"आले गो माय," सासूबाई म्हणाल्या. केस सारखे केले, पदर डोक्यावर घेतला, आणि आवाज लावला. आजारी बाईचा आवाज नव्हताच तो. तिने हळद कुणी कुटली ते विचारलं, कुणी चाळली ते विचारलं, आत्याला नाव घेऊन उठवलं. तिकडच्या बायकांची ओळ नेटमुळे जरा मागून यायची. ती डोळे मिटून तिची वाट बघायची, आली की मान डोलवायची, आणि पुढची ओळ घ्यायची. नेत्राने जागृतीच्या गालाला हळद लावली. मध्येच कधी तिने मलाही धवल्यात घातलं, "दिपेश जावयानं पेटीतला दाना कारला," आणि थळच्या बायकांनी माझं नाव कर्ण्यावरून उचललं. आता या वयात लाजायचं म्हणजे काय! पण लाजलो.

धवला संपला. बायका नवरीवर अक्षता टाकायला उठल्या. "थांबा, आई, तांदूळ आणतो," म्हणून मी स्वयंपाकघराकडे निघालो.

"ऱ्हाऊ द्या. हाय माझ्याकडं."

तिने मूठ उघडली. तोच दाणा होता. इतका वेळ ती तो मुठीत धरूनच गात होती. तिने तो कपाळाला लावला आणि पडद्यावरच्या जागृतीच्या डोक्यावर टाकला. तिकडे जागृतीने डोकं खाली वाकवलं आणि केसांवरून हात फिरवला.

दाणा पडद्यावर आपटून घरंगळत खाली आला. मी आधी त्या भोकावर अंगठा ठेवला, आणि मग डोळे पुसले.