टोमॅटोनं मान टाकली

सासऱ्यांच्या खोलीतल्या टोमॅटोच्या झाडानं मान टाकली, तेव्हा सुनेनं पहिला संशय सासऱ्यांवरच घेतला. त्यात तिचा तरी काय दोष? रोपांचा छळ करणं हीच तिची नोकरी. शहराबाहेरच्या काचघरात ती टोमॅटोच्या कुंड्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि झाडं ते कसं सोसतात ते बघत बसायची. मुळं गुदमरली की गुपचूप वर निरोप धाडतात. पानांपर्यंत तो पोचला की तिथं इथिलीन नावाचा वायू तयार होतो, देठाची वरची बाजू भराभर वाढते आणि पान खाली झुकतं. झुकलेल्या पानाला ऊन कमी लागतं, पाणी कमी उडतं, तेवढंच मरण लांबतं. असं झाड दिसलं की ती डोळे झाकून सांगायची, पाणी जास्त झालंय.

"बाबा, तुम्ही सारखं पाणी घालताय ना याला?"

"मी हातसुद्धा लावला नाही," सासरे खाटेवरून म्हणाले. मग जरा थांबून, अगदी सहज, "तुझी सासू घालत असेल."

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सुनेला वाटलं, गंमत करताहेत. गमत्या माणूस होताच तो. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. आपण इतक्या लोकांना वर पाठवलं पण सगळ्यांना सुखरूप खाली आणलं, असं ते पाहुण्यांना ऐकवायचे आणि स्वतःच आधी हसायचे. पण आज हसले नाहीत.

"दुपारी येते," ते म्हणाले. "दार लावलं की मग येते. इथं पायाशी बसते. काल म्हणाली, जरा सरका."

सुनेचा नवरा जहाजावर, घरात ही दोघंच. निघताना नवऱ्यानं एवढंच म्हटलं होतं, बाबांना तेवढं सांभाळ. आणि इथं म्हातारा दिवसेंदिवस जास्त झोपायला लागला होता, डोकं धरून बसायचा, ताटातलं निम्मं तसंच ठेवायचा. थंडी बाधली असेल म्हणून तिनंच खोलीतला गॅसचा जुना हीटर दिवसभर चालू ठेवायला सांगितलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते झोपले होते, तेव्हा ती दार लावून तिथंच कपड्यांच्या घड्या घालत बसली. खोली छान उबदार होती. हळूहळू तिचं डोकं जड झालं. आणि मग पाठीमागं चपलांचा आवाज आला. उजवी सरळ पडत होती, डावी फरफटत होती. सासूबाई तशाच चालायच्या, शेवटचं वर्षभर.

मागं वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोला. ती समोर बघत राहिली आणि समोर होतं ते टोमॅटोचं झाड. सगळी पानं खाली, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर पोरं माना खाली घालतात तशी.

काहीतरी धरायला हवं म्हणून तिनं कुंडीत बोट खुपसलं. माती कोरडी होती, बोटभर खोल. म्हणजे पाणी कुणीच घातलं नव्हतं, ना जित्यानं ना मेल्यानं. मग झाड तहानलेलं म्हणावं, तर तहानलेलं पान लुळं पडतं. ही पानं ताठ होती, दाबली तर बोटाला उलटा जोर देत होती. म्हणजे हे इथिलीनचंच काम. मुळं ठीक, मग वायू आला कुठून?

तिला काचघरातला तो हिवाळा आठवला. शेगडी नीट जळत नव्हती, तिच्या धुरातून हाच वायू पसरला आणि सगळ्या रांगांनी एका दिवसात माना टाकल्या होत्या. माणसांची डोकी दुखायला लागली ती त्यानंतर.

ती धडपडत उठली. खिडकी उघडली, हीटर बंद केला, सासऱ्यांना बखोटीला धरून गॅलरीत आणलं. हीटरचा धूर बाहेर नेणारा पाईप तिथंच, कमरेइतक्या उंचीवर भिंतीतून निघत होता. त्याच्या तोंडात सासूबाईंची करडी शाल कोंबलेली होती.

"वारा यायचा गं त्यातून," सासरे थंडीनं कुडकुडत म्हणाले. "म्हणून लावली."

सुनेनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, मेकॅनिक बोलावून हीटर तपासून घेतला. मग चहाचे कप घेऊन ती त्यांच्यासमोर बसली आणि सगळं समजावून सांगितलं, जरा ऐटीतच. गॅस अर्धवट जळला की विषारी धूर होतो, तो रक्तात भिनतो, मेंदू भलतंसलतं दाखवतो. झाडानं आधी ओळखलं, म्हणून आपण वाचलो. सासूबाई वगैरे कुणी नव्हतं, बाबा, धूर होता तो. मीसुद्धा ऐकला ना चपलांचा आवाज.

"अस्सं," सासरे म्हणाले. त्यांनी दोन-तीन प्रश्नही विचारले, कारागिराचे, नेमके. झाडाची पानं पुन्हा वर आली. म्हातारा जेवायला लागला. सुनेला वाटलं, सुटलो.

आठवड्यानं ती कामावरून आली, सासऱ्यांच्या खोलीचं लावलेलं दार ढकललं आणि तिचं लक्ष आधी झाडाकडे गेलं. पानं खाली होती.

ती धावत गॅलरीत गेली. पाईपात शाल होती, या वेळी घट्ट, कडा आत दुमडून, कामाची सवय असलेल्या हातांनी बसवलेली. ती उपसून काढली, हीटर बंद केला, खिडकी उघडली. सासरे खाटेवर टेकून बसले होते. पाय जवळ घेतले होते, पायाशी एका माणसापुरती जागा ठेवून.

"बाबा, तुम्हाला मी सांगितलं होतं ना?" तिचा आवाज चिरकला.

"सांगितलंस की. अगदी नीट." त्यांची जीभ जड झाली होती, पण चेहरा शांत होता. "तू म्हणालीस, ती धुरामुळे येते. मग धूर लागणारच."

सुनेला रडू फुटलं. त्यांच्यावर रागावून की आपल्या शहाणपणावर, ते तिचं तिलाही कळलं नाही. रडत रडतच तिनं त्यांना उठवून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी हीटर भंगारात गेला. आता ती त्यांच्याच खोलीत, जमिनीवर गादी घालून झोपते. झाड तिथंच आहे. सासरे रोज सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघतात. पानं वर असतात. मग ते पाय जवळ घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.