दुसऱ्या नंबरची शांतता
नॉरिस ॲपलगार्थची बायको ग्लेंडा फेब्रुवारीत त्याला सोडून गेली, एका गालिचे विकणाऱ्याबरोबर, स्कनथॉर्पला. आमच्या ग्रिम्सबीहून गाडीने तासाभराचा रस्ता. आम्हाला वाटलं, नॉरिस खचेल. तो बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आला, आंघोळ केली आणि गाणं लिहायला बसला.

आमचा चौघांचा बँड होता. शनिवारी कामगार क्लबात वाजवायचो. मी बास वाजवायचो, नॉरिस गायचा. त्या शनिवारी त्याने नवीन गाणं ऐकवलं. नाव होतं ‘घरात आता शांतता’. कुणी दार आपटत नाही, कुणी भांडी आदळत नाही, कुठे होतास म्हणून कुणी विचारत नाही, अशी दोन कडवी. ग्लेंडाचा आवाज आख्ख्या गल्लीला ठाऊक होता, त्यामुळे क्लबातले लोक खो खो हसले.

तिसरं कडवं त्याने नंतर जोडलं. ते ऐकून कुणी हसलं नाही. त्यात गाण्यातला माणूस घड्याळाशी बोलतो आणि शेवटी म्हणतो, ये, आणि एकदा जोरात दार आपट.

ऐन उन्हाळ्यात लंडनहून लास्कर नावाचे एक रेकॉर्ड काढणारे गृहस्थ क्लबात आले. डोळे मिटून त्यांनी गाणं ऐकलं.

“हे ख्रिसमसचं गाणं आहे,” ते म्हणाले.

“नाही हो,” नॉरिस म्हणाला. “माझी बायको पळून गेली, त्याचं आहे.”

“घर आहे, शांतता आहे, अजून काय पाहिजे? बाहेर बर्फ पडतोय, एवढी एक ओळ घाला.”

“आमच्याकडे बर्फ कारखान्यात पडतो.”

“मग तुम्हाला अनुभव आहेच,” लास्कर म्हणाले.

ऑगस्टमध्ये लंडनला रेकॉर्डिंग झालं. अर्ध्या चड्डीतली वीस शाळकरी पोरं घाम पुसत ‘शांतता, शांतता’ म्हणून किंचाळत होती आणि एक माणूस घुंगरांचा पट्टा हलवत होता. तिसरं कडवं लास्करांनी कापलं. म्हणाले, “गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. आणि ख्रिसमसला रडका माणूस कोण विकत घेतो?”

नॉरिसने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. टीव्हीवर दिसायची मला फार हौस होती.

नोव्हेंबरच्या शेवटी देशातल्या सगळ्यांत खपणाऱ्या गाण्यांच्या यादीत आमचं गाणं पस्तिसाव्या नंबरला आलं, मग बाराव्या, मग पाचव्या. आमच्या पाद्रीबाबांनी प्रवचनात पहिलं कडवं वाचून दाखवलं आणि जगात नांदणाऱ्या शांतीबद्दल बोलले. मागच्या बाकावर ग्लेंडाची आई बसली होती. ती मधूनच उठून गेली.

ख्रिसमसच्या आठवड्यातली यादी मंगळवारी दुपारी रेडिओवर लागली. कारखान्यातले सगळे डबा सोडून ऐकत उभे होते. आमचा नंबर दुसरा. पहिला नंबर लहान मुलांच्या कार्यक्रमातल्या एका बदकाच्या बाहुलीने पटकावला होता.

“बदक चांगलं गातं तसं,” नॉरिस म्हणाला आणि डबा उघडला.

जानेवारीच्या मध्यावर आमचं गाणं यादीतून साफ गेलं. ख्रिसमसचं गाणं म्हणजे उतरवलेलं झाड, नवीन वर्षात त्याला दारात कुणी उभं करत नाही. आम्ही पुढे दोन गाणी केली, उन्हाळ्याची. ती कुणी विचारली नाहीत. लास्कर फोनवर यायचे बंद झाले. नॉरिसची बर्फाची पाळी चालूच होती.

पण दर डिसेंबरला गाणं दुकानांतून परत लागायचं. ग्लेंडा तोवर स्कनथॉर्पच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन ठरलेला.

“तुझं भजन सुरू झालं रे इथे. एका पाळीत अकरा वेळा.”

“मी काय करू? दुकान माझं आहे का?”

“माझी बदनामी घुंगरं लावून वाजवतात आणि मी वर ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं.”

ती फोन आपटायची. एवढंच बोलणं, वर्षातून एकदा. त्या आठवड्यात नॉरिसला क्लबात बोलावलं तर त्याला हमखास सर्दी झालेली असायची. हे माझ्या लक्षात यायला आठ-नऊ वर्षं लागली.

अशी चाळीसच्या वर वर्षं गेली. लोक फोनवर गाणी ऐकायला लागले आणि जुनी ख्रिसमसची गाणी दर डिसेंबरला यादीत परत चढायला लागली. आमचं नव्वदीच्या आसपास घुटमळायचं. मग परवाच्या वर्षी लीड्सच्या एका मुलीने एक व्हिडिओ टाकला. त्यात आजी बोलतेय, आजोबा कानातलं यंत्र हळूच काढून ठेवतात आणि मागे आमचं गाणं सुरू होतं. लाखो लोकांनी तो पाहिला. पाद्रीबाबांना जे कळलं नाही, ते त्या पोरीला एका झटक्यात कळलं होतं. गाणं भराभर वर जायला लागलं.

ग्लेंडाचा फोन आला नाही. ती स्वतःच आली. गालिचेवाला लेनर्ड जाऊन तीन वर्षं झाली होती. स्टेशनवर तिला आणायला मी गेलो, कारण नॉरिसचे गुडघे.

“आता आख्ख्या देशाला कळलं मी कशी होते ते,” गाडीत बसताच ती म्हणाली.

“त्याला तिसरं कडवं होतं,” मी म्हणालो. इतकी वर्षं का सांगितलं नाही, कोण जाणे. काय होतं त्यात ते मी थोडक्यात सांगितलं, दार आपटण्यापर्यंत.

तिने सीटचा पट्टा ओढून लावला. मग म्हणाली, “कळलं असतं तरी आले नसते. लेनर्डकडे सगळ्या खोल्यांत हीटर होते.” थोड्या वेळाने तिने रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

शुक्रवार होता, यादी आता शुक्रवारी लागते. आम्ही तिघं नॉरिसच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. आमचा नंबर चौथा.

“बदक आहे का वर?” ग्लेंडाने विचारलं.

“बदक कधीच मेलं,” नॉरिस म्हणाला.

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. “ते तिसरं कडवं म्हण.”

नॉरिस माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, त्याला एक शब्द आठवत नव्हता. तरी त्याने घसा साफ केला आणि गायला लागला. बागेतल्या गुलाबांचं काहीतरी होतं, चंद्राचं होतं, यमक तर एकही जुळत नव्हतं. ग्लेंडा मान खाली घालून ऐकत राहिली.

“बरं केलं कापलं ते,” ती शेवटी म्हणाली. “फारच वाईट आहे. पुन्हा म्हण.”

त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी वेगळंच. मला खरं कडवं तोंडपाठ होतं. मी उठलो आणि चहाला आधण ठेवलं.