पायाशी थरथरणाऱ्या रेघा

जयप्रकाशच्या दुकानात त्या रविवारी दुपारी इतकी माणसं कोंबली होती की पंखा फिरत होता म्हणायचा, एवढंच. वाशीतलं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दहा बाय बाराचं दुकान ते. त्यात स्टुलावर मुख्य पंच बाजीराव बसलेले, त्यांच्या मागे तुर्भ्याच्या पाइप कंपनीच्या कबड्डी संघाचा कप्तान गोटीराम हाताची घडी घालून उभा, आणि दाराच्या चौकटीला टेकून पावणे गावातल्या रंग कारखान्याचा किसन. किसनच्या तोंडावर रंग म्हणून नव्हता.

नसणारच. सहा वर्षं बदली कामगार म्हणून राबत होता बिचारा. यंदा कारखान्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, कबड्डीचा कप आणा, किसनला कायम करतो. शनिवारी फायनल झाली. शेवटच्या चढाईत किसन दोन गडी मारून परत आला आणि पावण्याचा संघ एका गुणाने जिंकला म्हणेपर्यंत कडेच्या पंचाने हात वर केला. म्हणे, कुणाला हात लावण्याआधीच किसनचा डावा पाय रेषेबाहेर गेला. झालं! कप तुर्भ्याला, आणि किसन पुन्हा बदलीवर.

पावणेकरांनी मैदान डोक्यावर घेतलं. बाजीराव जुने खेळाडू, साताऱ्याकडचे, सरळ माणूस. ते म्हणाले, "नंदकुमारने व्हिडिओ घेतलाय नव्हं? मी डोळ्यानं बघतो. उद्या सहाला बक्षीस समारंभ हाय. पाचपर्यंत पाय दिसला तर दिसला, न्हाईतर कडेच्या पंचाचा निकाल कायम."

आता चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि पाय दिसत नव्हता.

बाकी सगळं दिसत होतं हो! किसनचं डोकं दिसत होतं, बनियनवरचा सात नंबर दिसत होता. पण पडद्याच्या तळाला चार बोटं जागेत नुसत्या पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. फक्कीने आखलेली कडेची रेषा नेमकी त्या पट्ट्यात, आणि किसनचा पायही त्याच पट्ट्यात.

"ट्रॅकिंग फिरव की," नंदकुमार म्हणाला. लग्नाच्या शूटिंगचा धंदा त्याचाच. मॅचही त्यानेच घेतली होती, पण त्याचा रेकॉर्डर सकाळीच एका लग्नासाठी नाशिकला गेला होता. "माझ्या मशीनवर मी रात्री बघितली ना. काचेसारखी क्लिअर! तुझा व्हीसीआर बोंबललाय, जयप्रकाश."

जयप्रकाशने मान खाली घालून चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं. रेघा जरा हलल्या, पुन्हा तिथेच आल्या. त्याने झाकण उघडून टेप वाचणारं हेड पुसलं. कॅसेट पुन्हा लावली. रेघा तशाच. तो परत हेड पुसायला लागला.

त्याला ठाऊक होतं की हेड पुसून काही होणार नाही. दहा दिवसांपासून ठाऊक होतं.

गोष्ट अशी, की तीन महिन्यांपूर्वी नंदकुमारचा तो रेकॉर्डर दुरुस्तीला आला होता. टेपला वाट दाखवणारा एक बारका खांब असतो आत, त्याच्या डोक्यावर स्क्रू. तो नवा बसवला की उंची जुळवायला कंपनीची खास कॅसेट लागते. ती जयप्रकाशकडे कुठून असणार? याने काय करावं? शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीतून एक पिक्चरची कॅसेट आणली, शंभर घरं फिरून आलेली, कुणा वाकड्या मशीनवर कॉपी केलेली, आणि तिच्यावर चित्र साफ दिसेपर्यंत स्क्रू पिळला. वाकड्या कॅसेटला जुळवला म्हणजे चांगला रेकॉर्डर वाकडा केला! तेव्हापासून नंदकुमारने घेतलेलं प्रत्येक लग्न त्याच्या स्वतःच्या मशीनवर छान दिसायचं, आणि लोकांच्या घरी तळाला रेघा मारायचं. लोक व्हीसीआर घेऊन याच्याकडेच यायचे, आणि हा शहाणा हेड पुसून पैसे घ्यायचा. दहा दिवसांपूर्वी दोन कॅसेटी शेजारी लावून बघितल्या तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सांगू सांगू म्हणत राहिला, आणि रोज नंदकुमार समोर आला की विषय बदलायचा.

इलाज सोपा होता. आपल्या व्हीसीआरचा तोच स्क्रू तेवढाच वाकडा करायचा. अर्धा आटा, बस. पण नंदकुमारसमोर तो फिरवला की चूक कुणाची ते उघड होणार.

जयमाला, त्याची बायको, काउंटरवर बसली होती. तिला सगळं माहीत होतं. ती हळूच जवळ आली आणि कुजबुजली, "आणखी किती वेळ पुसणार? त्या पोराचं वाटोळं करता का?"

"गप बस गं," तो दातांतून म्हणाला.

"साडेचार," बाजीराव म्हणाले.

गोटीराम हसला. "अरे ठेवा ते झाकान. काय न्हाय दिसत त्याच्यान. आमाला कप घ्यायला जायाचा हाय."

किसन दारातून आत आला. दिघ्याला त्याचं आणि जयप्रकाशचं घर एकाच गल्लीत. "दादा," तो म्हणाला. "माझा पाय आतच व्हता. तुमच्या पाया पडतो, एकदा दिसू द्या. नसंल आत तर गप घरला जातो."

जयप्रकाशने बारका स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याने कॅसेट चालू ठेवली, श्वास धरला आणि उजव्या बाजूच्या खांबाचा स्क्रू हळूहळू पिळला. रेघा खाली सरकल्या. अजून थोडा. रेघा पडद्याच्या कडेखाली गेल्या आणि नाहीशा झाल्या.

"आगं आयाय!" बाजीराव स्टुलावरून उठले.

कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. किसन कडेने धावत येतो, डावा पाय टेकतो. पायाचा अंगठा आणि रेषा यांच्या मध्ये दोन बोटं तांबडी माती स्वच्छ दिसत होती. पाय आत होता! तीनदा बघितलं, तिन्ही वेळा आत.

पावणेकर ओरडणार, तोच गोटीराम पुढे आला. "थांबा! ही बनवाबनवी हाय. तासभर हेड पुसत व्हता, आनि आता एका झटक्यान चित्र साफ? किसन याचा गल्लीवाला हाय. यान मशीनमदी कायतरी केलाय."

बाजीराव जयप्रकाशकडे वळले. "प्रश्न बरोबर हाय त्याचा. आत पन्नास स्क्रू असतील. कोनता फिरवायचा आन् किती, तुला एकदम कसं कळलं? सांग. न्हाईतर मी ही कॅसेट मानत न्हाई."

जयप्रकाशला वाटलं, सांगावं की अनुभव आहे, वीस वर्षं हेच करतोय. गोटीरामने ते ऐकून घेतलं नसतं, आणि बाजीरावांनीही नाही. त्याने किसनकडे बघितलं. मग नंदकुमारकडे बघवेना, म्हणून जमिनीकडे बघत बोलला.

"कारण नंदूशेटच्या रेकॉर्डरचा हाच स्क्रू मी चुकीचा बसवला. अर्धा आटा. त्या रेकॉर्डरवर घेतलेलं काहीही चांगल्या मशीनवर रेघा मारणारच. म्हणून आता माझं चांगलं मशीन तेवढंच बिघडवलं."

त्याने स्क्रू उलटा फिरवून दाखवला, रेघा परत आल्या. पुन्हा पिळला, गेल्या.

गोटीरामच खाकरला पहिल्यांदा. "सवताच्या पोटावर पाय देऊन कोन खोटा बोलतय," तो म्हणाला. "पाय आत हाय. द्या त्यांना कप."

बाजीरावांनी कागदावर सही केली. मग काय विचारता! किसनला खांद्यावर घेऊन सगळी रस्त्यावर. तो वरून "दादा! दादा!" ओरडत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

दुकानात तिघंच उरली. नंदकुमार स्टुलावर बसला होता.

"केव्हापासून माहीत होतं?"

"दहा दिवस."

"लोकांना मी सांगायचो, तुमचेच व्हीसीआर खराब. भांडलो रे मी लोकांशी." नंदकुमारचा आवाज चढला नाही, त्यामुळे जयप्रकाशला जास्तच लाज वाटली. "सतरा लग्नं."

"सगळी आणा. याच मशीनवरून नव्या कॅसेटी काढून देतो. माझ्या खर्चाने."

"कॅसेटी तर देशीलच. पण दारात उभं राहून चूक कुणाची होती ते तू सांगायचंस, प्रत्येक घरी. उद्यापासून."

"सांगतो. पहिलं घर कुणाचं?"

नंदकुमार उठला, चप्पल घातली. "माझ्या थोरलीच्या सासरचं. बापाने लग्नाची कॅसेटसुद्धा रद्दी दिली म्हणून तीन महिने ऐकून घेतेय पोरगी."